परदेशी तुरुंगातला आपला माणूस: हक्क, अर्ज आणि घरच्यांची कामे

परदेशात अटक झालेल्या भारतीयाला आपल्या दूतावासाशी बोलण्याचा हक्क आहे, हे बऱ्याच जणांनी ऐकलेले असते. हा हक्क तोंडाने मागावा लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते आणि पहिला घोळ तिथेच होतो.

या हक्काचा पाया म्हणजे १९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराचे कलम ३६. भारत या करारात १९७७ मध्ये सामील झाला. आखाती देश, अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, मलेशिया, पाकिस्तान हे सगळे त्यात आहेत. कलम सांगते ते असे: पकडलेल्या परदेशी माणसाला ‘तुला तुझ्या दूतावासाला कळवता येईल’ हे पोलिसांनी विनाविलंब सांगायचे. त्याने मागणी केली तर दूतावासाला विनाविलंब कळवायचे. त्याने लिहिलेले पत्र पुढे पाठवायचे. दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटू द्यायचे, बोलू द्यायचे, वकील लावून देऊ द्यायचा. मेख ‘त्याने मागणी केली तर’ या शब्दांत आहे. तो गप्प बसला तर पुष्कळ देशांत पोलिसही गप्प बसतात, आणि त्याने स्पष्ट नकार दिला तर आपल्या अधिकाऱ्यालाही त्याच्या वतीने काही करता येत नाही.

लोक गप्प का बसतात? शरमेने. गावात बोभाटा होईल, दूतावास पासपोर्ट काढून घेईल, कफील (आखातात व्हिसा देणारा मालक) चिडेल अशी भीती असते. म्हणून घरच्या ज्या कुणाला पहिला फोन येईल, त्याने रडारड बाजूला ठेवून त्याच्याकडून एक वाक्य पाठ करून घ्यावे. इंग्रजी चालत असेल तिथे ‘आय वॉन्ट टू इन्फॉर्म इंडियन एम्बसी’. आखातात ‘अना हिंदी, अबगा अकल्लिम अस्सिफारा अल-हिंदीया’, म्हणजे ‘मी भारतीय आहे, मला भारतीय दूतावासाशी बोलायचे आहे’. हे दर नव्या अधिकाऱ्यापुढे, दर हजेरीला म्हणायचे आणि कुणाला कधी म्हटले ते लक्षात ठेवायचे.

‘आरोप गंभीर आहे, म्हणून भेट नाही’ ही सबब कायद्याला मान्य नाही. कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने हेरगिरीचे कारण पुढे केले होते. ३ मार्च २०१६ ला अटक झाली आणि भारताला २५ मार्चला कळवले गेले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ च्या निकालात हा तीन आठवड्यांचा उशीर कलम ३६ चा भंग ठरवला आणि हेरगिरीच्या आरोपालाही या कलमातून सूट नाही असे सांगितले. तुमच्या माणसाचा खटला हेगला जाणार नाही हे उघड आहे, पण अर्जात कलम ३६ चा उल्लेख का करायचा ते यावरून कळेल.

पहिल्या फोनवर काय विचारायचे

तुरुंगातला फोन दोन-चार मिनिटांचा असतो आणि तो ऐकला जातो असे धरूनच चालावे. ‘तू हे केलेस का?’ हा प्रश्न फोनवर कधीही विचारू नका. विचारायचे ते एवढेच: कोणत्या पोलीस ठाण्यात किंवा तुरुंगात आहेस, कोणत्या तारखेला पकडले, खटल्याचा क्रमांक काय, आरोप कोणता सांगितला, कशावर सही केलीस का, पुढची तारीख कधी, औषध मिळते का. उत्तरे तिथल्या तिथे वहीत लिहा, फोन आल्याची वेळही लिहा.

सहीबद्दल त्याला लगेच सांगावे. समजत नाही त्या कागदावर सही करायची नाही. जबरदस्ती झालीच, तर सहीच्या शेजारी मराठीत लिहायचे: ‘मजकूर वाचता येत नाही, भाषांतर करून सांगितलेले नाही’. अरबी जबाबाखालची ती एक मराठी ओळ पुढे वकिलाच्या फार उपयोगी पडते. पोलीस ती समजून घेत नाहीत आणि खोडतही नाहीत.

नावाचा गोंधळ

दूतावासात फोन करून ‘आमचा पाटील तिकडे अडकलाय’ म्हटल्याने काहीही होत नाही. अरबीत ‘प’ नाही आणि ‘व’साठी सहसा ‘फ’चे अक्षर वापरतात. त्यामुळे पाटीलचा बातील होतो, जाधवचा जादाफ. त्यातून आपल्या पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी मधल्या जागी, कधी आडनावाच्या रकान्यात. तुरुंगाच्या यादीत नावाने शोधले तर माणूस सापडत नाही आणि ‘असा कुणी आमच्याकडे नाही’ असे खुशाल उत्तर येते. शोध नेहमी क्रमांकाने घ्यायचा: पासपोर्ट क्रमांक, सौदीत इकामा (रहिवासी परवाना) क्रमांक, अमिरातीत एमिरेट्स आयडी, अमेरिकेत ‘ए’ने सुरू होणारा एलियन क्रमांक. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, व्हिसा आणि कामाचा करार यांचे फोटो घरच्या मोबाइलमध्ये आधीपासून असतील तर पहिले दोन-तीन दिवस वाचतात. नसतील तर एजंटकडे किंवा कंपनीच्या मुंबईतल्या भरती कार्यालयाकडे त्याच दिवशी मागा, कारण प्रकरण वाढले की ते फोन उचलणे बंद करतात.

अर्ज कुठे आणि कसा

तीन ठिकाणी एकाच वेळी अर्ज करावा.

पहिले ठिकाण त्या देशातला भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. प्रदेश नीट पाहावा. दुबई, शारजा आणि उत्तरेकडच्या अमिरातींचे काम दुबईचा वाणिज्य दूतावास पाहतो, अबुधाबीचे दूतावास. सौदीत जेद्दा आणि मक्का-मदिनेकडचा भाग जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाकडे येतो, रियाध आणि दम्मामकडचा रियाधच्या दूतावासाकडे. चुकीच्या ठिकाणी पाठवलेला अर्ज फिरत राहतो.

दुसरे ठिकाण परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल, जे २०१५ मध्ये सुरू झाले. ईमेल आणि मोबाइलने नोंदणी करायची, परदेशातील कैद हा विषय निवडायचा, कागद जोडायचे. तक्रार क्रमांक मिळतो. नंतरच्या प्रत्येक पत्रावर, फोनवर, भेटीत तोच क्रमांक सांगायचा. एकाच माणसासाठी मामा, मेहुणा आणि मित्र यांनी तीन तक्रारी नोंदवल्या की प्रकरण पुढे जाण्याऐवजी तीन फायलींत विभागले जाते. घरातल्या एकानेच नोंदवावी आणि बाकीच्यांनी त्याच्यामार्फत बोलावे.

तिसरे ठिकाण प्रवासी भारतीय सहायता केंद्र. भारतातून १८०० ११ ३०९० या क्रमांकावर फोन फुकट लागतो. मुंबईच्या आसपासच्यांना वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनातही जाता येते. परराष्ट्र मंत्रालयाचे शाखा सचिवालय आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे (परदेशी कामाला जाणाऱ्यांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे) कार्यालय एकाच इमारतीत आहे. आमदार-खासदारांचे पत्र जोडायला हरकत नाही, पण पत्राची वाट बघत अर्ज अडवून ठेवू नये.

अर्ज इंग्रजीत आणि एका पानाचा असावा. मजकुराचा साचा असा:

‘माझा भाऊ (पासपोर्टवर आहे तसेच नाव), पासपोर्ट क्रमांक अमुक, इकामा क्रमांक अमुक, हा अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी अटकेत असल्याचे आम्हाला अमुक तारखेला समजले. व्हिएन्ना करार, कलम ३६ नुसार विनंती आहे की त्याची प्रत्यक्ष भेट घ्यावी. आरोपाचे कलम व खटला क्रमांक कळवावा. वकील आणि दुभाषा मिळाला आहे का ते पाहावे. त्याला मधुमेहासाठी रोज अमुक औषध लागते, ते तुरुंगाच्या डॉक्टरांना कळवावे. भेट कधी झाली किंवा होणार, ते आम्हाला कळवावे.’

‘माझा भाऊ निर्दोष आहे, घरात म्हातारी आई आहे’ यावर पानभर लिहू नका. अधिकाऱ्याला जे करता येते तेच मागितले की त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यावे लागते. पंधरा दिवसांत काही कळले नाही तर त्याच क्रमांकावर स्मरणपत्र. भेट लगेच होईलच असे नाही, कारण बऱ्याच देशांत दूतावासाला भेटीची परवानगी तिथल्या परराष्ट्र खात्यामार्फत मागावी लागते.

अमेरिका, ब्रिटन आणि इतर बऱ्याच देशांत गोपनीयतेचा कायदा आडवा येतो. कैद्याने लेखी संमती दिल्याखेरीज तुरुंग घरच्यांना सोडाच, दूतावासालाही फारसे काही सांगत नाही. तिथे पहिल्याच फोनवर त्याला संमतीपत्रावर सही करायला सांगावी.

दूतावास काय करतो, काय करत नाही

जामीन मिळवून देणे, न्यायाधीशाला शब्द टाकणे, कोर्टात वकील म्हणून उभे राहणे या गोष्टी दूतावासाच्या हातात नसतात. भेट घेणे, वकिलांची यादी देणे, दुभाषा पाहणे, तुरुंगातल्या वागणुकीबद्दल तक्रार करणे, सुनावणीवर लक्ष ठेवणे आणि सुटल्यावर प्रवासाचे कागद करून देणे हे त्याचे काम आहे.

पैशांसाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या या निधीचे नियम सप्टेंबर २०१७ पासून सुधारले गेले. ऐपत नसलेल्यांना वकिलाचा खर्च, किरकोळ गुन्ह्यातला दंड आणि परतीचे तिकीट यांसाठी त्यातून मदत मिळू शकते. हा निधी आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. ऐपत नसल्याचा पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड अर्जासोबतच जोडा, म्हणजे मागून मागवण्यात महिना जात नाही. शिवाय ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणाऱ्या) पासपोर्टवर गेलेल्या कामगाराकडे प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी असते. नोकरीशी संबंधित खटल्यासाठी तिच्यात ४५ हजार रुपयांपर्यंत कायदेशीर खर्चाची तरतूद आहे. कफीलने खोटा ‘हुरूब’, म्हणजे पळून गेल्याची तक्रार, लावला असेल तर ही पॉलिसी काढून पाहा. बहुतेक घरांत ती विसरलेली असते.

वकील

आखातात फौजदारी कोर्टात उभा राहतो तो सहसा स्थानिक अरब वकील. तुमच्याशी हिंदीत किंवा मराठीत बोलणारा ‘लीगल कन्सल्टंट’ कागद तयार करतो, सल्ला देतो, पण कोर्टात बाजू मांडणारा तो नव्हे. पैसे देण्याआधी विचारायचे: कोर्टात कोण उभे राहणार, त्याचा परवाना क्रमांक काय, ही फी खालच्या कोर्टापुरती की अपिलासह? करार लेखी हवा आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. ‘आतल्या माणसाला द्यायचे आहेत’ म्हणून रोख मागणारा दलाल भेटला तर तिथेच थांबा. अशा दलालाला दिलेले पैसे परत आल्याचे उदाहरण विरळा.

अमिरातीत मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात आरोपीला वकील नसेल तर कोर्ट सरकारी खर्चाने वकील नेमते. अमेरिकेत ऐपत नसलेल्या आरोपीला फौजदारी खटल्यात सरकारी वकील मिळतो, पण व्हिसाच्या कारणाने इमिग्रेशनच्या ताब्यात असलेल्याला तो मिळत नाही. तिथे आणखी एक खाचखळगा: तडजोड करून गुन्हा कबूल केला तर शिक्षा हलकी होते, पण देशाबाहेर काढले जाऊ शकते. या परिणामाची कल्पना देणे वकिलावर बंधनकारक आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. कबुलीआधी हा प्रश्न वकिलाला लेखी विचारावा.

वकील नेमण्यासाठीचे मुखत्यारपत्र शक्यतो कैद्याकडूनच तुरुंगात सही करून घ्यावे. घरच्यांनी भारतातून पाठवायचे ठरवले तर नोटरी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय आणि वर अरबी भाषांतर, अशी वारी होते. सौदी, ओमान, बहारीन अपोस्टील (करारातल्या देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) मानतात. अपोस्टील न मानणाऱ्या देशासाठी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. यात दोन-तीन आठवडे सहज जातात आणि तेवढ्यात अपिलाची मुदत संपू शकते. अमिरातीत फौजदारी अपिलाची मुदत १५ दिवस आहे, सौदीत निकालाची प्रत मिळाल्यापासून साधारण ३०. निकाल लागला त्याच दिवशी वकिलाला शेवटची तारीख विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

भारतातून पाठवायचा पुरावा हे घरच्यांचे सर्वांत उपयोगी काम, आणि नेमके तेच राहून जाते. औषधांच्या प्रकरणात हे ठळकपणे दिसते. ट्रामाडॉल किंवा कोडीनचे खोकल्याचे औषध इथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, आखातात ते नियंत्रित आहे. अनारशांवर लावतो ती खसखस अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे, आणि आईने दिवाळीच्या डब्यासोबत दिलेली पाव किलोची पुडी विमानतळावर अमली पदार्थाच्या कलमात बसू शकते. अशा वेळी डॉक्टरची मूळ चिठ्ठी, नोंदणी क्रमांकासह त्याचे पत्र, केमिस्टचे बिल आणि जुने रिपोर्ट तातडीने गोळा करावेत. कुणी ‘तेवढे पाकीट पोचव’ म्हणून सामान दिले असेल तर त्या माणसाविरुद्ध इथल्या पोलिसांत आणि अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे लगेच तक्रार द्यावी. नात्यातला असला तरी. २०१९ मध्ये दोहाला अशा पाकिटामुळे पकडले गेलेले मुंबईचे एक दांपत्य दहा वर्षांची शिक्षा होऊनही २०२१ मध्ये निर्दोष सुटले. भारतात झालेला तपास त्यांच्या कामी आला.

सौदीतले दोन हक्क

सौदीत वाहन अपघात, मारामारी, पैशांची अफरातफर अशा खटल्यांत शिक्षा संपूनही माणूस आत राहतो आणि घरचे चक्रावतात. तिथे एका गुन्ह्याला दोन बाजू असतात. ‘हक्क आम’ म्हणजे सरकारचा हक्क, ‘हक्क खास’ म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याचा. रमजानच्या महिन्यात जी माफी मिळते ती हक्क आमला. हक्क खास बाकी असेल, म्हणजे भरपाई किंवा दिया (मृताच्या वारसांना द्यायची रक्कम) भरलेली नसेल, तर माफीच्या यादीत नाव येऊनही उपयोग होत नाही. म्हणून वकिलाला पहिल्या दिवसापासून दोन्हींची वेगवेगळी स्थिती विचारा. अपघातात गाडीचा विमा होता का, ती कंपनीच्या नावावर होती का, चूक किती टक्के धरली, हे वाहतूक पोलिसांच्या अहवालात असते. विमा असेल तर भरपाईचा भार तो उचलू शकतो. दियाची बोलणी मृताच्या वारसांशी खासगीत होतात. ती रक्कम सरकार भरेल या भरवशावर राहू नये. वारसांनी माफी दिली किंवा रक्कम स्वीकारली, तर ते कोर्टापुढे नोंदवून घ्या. तोंडी माफीला किंमत नाही.

खलाशी

जहाजावरच्या माणसाची गोष्ट थोडी वेगळी, आणि कोकण-गोव्यात अशी घरे पुष्कळ. जहाज अडकवले गेले तर दूतावासाबरोबरच मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाला आणि ज्या आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) असलेल्या एजन्सीने भरती केली तिला लेखी कळवा. खलाशी संघटनेचा सभासद असेल तर तिलाही. जहाजाच्या पी अँड आय (जहाज मालकाच्या देण्यांचा) विम्यातून वकिलाचा खर्च निघू शकतो, तेव्हा विमा कुणाचा आहे ते एजन्सीकडून लेखी मागा. एजन्सी बिनपरवान्याची निघाली, तर बहुतेक वेळा विमाही नीट नसतो.

पालघर, डहाणू, तलासरीकडची माणसे गुजरातच्या बोटींवर जातात आणि सागरी हद्दीपाशी पाकिस्तानच्या हाती लागतात. भारत-पाकिस्तानचा २००८ चा करार आहे: दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात आणि अटकेपासून तीन महिन्यांत वाणिज्यदूताची भेट व्हायला हवी. प्रत्यक्षात गाडे अडते ते राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीवर. शिक्षा संपते, पण ‘हा आमचाच नागरिक’ असे भारताने कळवल्याशिवाय वाघ्यापर्यंत येता येत नाही. बोट मालकाकडून खलाशांच्या यादीची प्रत घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, मतदार यादीतले पान जोडून पोलीस ठाणे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या. यादीत नाव वेगळ्या स्पेलिंगने असेल तर दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

उरलेली शिक्षा भारतात

२००३ च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्याखाली परदेशात शिक्षा झालेल्या भारतीयाला उरलेली शिक्षा भारतात भोगता येते. त्यासाठी त्या देशाशी करार हवा. अमिराती, सौदी, कतार, कुवेत, बहारीन, इराण, ब्रिटन, श्रीलंका, थायलंड, मॉरिशस यांच्याशी आहे. साधारण अटी अशा: निकाल अंतिम झालेला, दुसरा खटला बाकी नाही, किमान सहा महिने शिक्षा उरलेली, तोच गुन्हा भारतातही गुन्हा, मृत्युदंड नाही, आणि कैद्यासह दोन्ही सरकारांची संमती. अर्ज कैद्याने तुरुंगातून करायचा. तो दूतावासामार्फत दिल्लीला गृह मंत्रालयात येतो, तिथून राज्याकडे. भारतात खटला पुन्हा चालत नाही आणि शिक्षा रद्दही होत नाही.

असे परत आलेले फार थोडे आहेत. कागद हलायला वर्ष-दीड वर्ष लागू शकते, दंड थकलेला असला की फाइल अडते. आमचे मत स्पष्ट आहे: आखातात दोन-तीन वर्षांची शिक्षा असेल तर या मार्गाला लागू नये, कारण तेवढ्यात सणाच्या माफीत सुटण्याची शक्यता जास्त. दहा-वीस वर्षांची असेल तर अर्ज लगेच करावा.

सुटकेच्या वेळी

शिक्षा संपली की आखातात माणूस थेट विमानतळावर जात नाही. तरहीलमध्ये, म्हणजे हद्दपारी केंद्रात जातो. तिथे तो आठवडेच्या आठवडे पडून राहतो तो तीन कारणांनी: पासपोर्ट संपलेला किंवा कफीलकडे, कुठला तरी दंड किंवा प्रवासबंदी बाकी, किंवा तिकीट नाही. पासपोर्ट नसेल तर दूतावास भारतात येण्यापुरते आणीबाणीचे प्रमाणपत्र देतो, पण त्याआधी गावच्या पोलीस ठाण्यात पडताळणी येऊ शकते. हवालदार घरी आला तर घाबरू नका, जुन्या पासपोर्टची प्रत आणि रहिवासाचा पुरावा त्याच दिवशी द्या. सुटकेच्या दोन महिने आधी प्रवासबंदी आणि दंड तपासून घ्यायला वकिलाला सांगा.

आणि येताना निकालाची व सुटकेच्या आदेशाची शिक्का असलेली प्रत त्याच्या बॅगेत हवीच. पुन्हा कुठल्याही देशाच्या व्हिसासाठी ती मागितली जाते, आणि मागाहून तिकडून मागवायची तर पुन्हा मुखत्यारपत्रापासून सुरुवात.